रंग काढले की गर्दीत माणसं दिसतात

साताऱ्याचं एसटी स्टँड, सकाळचे साडेसात. कोरेगावची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, सॅक, कधी चक्क छत्री आत टाकून जागा धरली जाते. रोज आपणही त्याच गर्दीत असतो, म्हणून ती कधी नीट बघितलेली नसते.

मला ती दिसायला लागली एका फोटोमुळे. रघु राय यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या चर्चगेट स्टेशनवर काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो शोधून बघाच. गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मध्येच पेपर वाचणारी माणसं एकदम स्पष्ट! शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की हलणारं पुसट होतं, स्थिर ते टिकतं. युक्ती एवढीच, पण त्या धावपळीत कोण थांबलंय हे आधी दिसावं लागतं ना.

तेव्हापासून मी फोनचा कॅमेरा आधीच मोनोवर ठेवते. मागाहून फिल्टर मारणं वेगळं. (फसलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की आर्ट होत नाही, हे अनुभवाने सांगतेय.) स्क्रीनवरच रंग नसले की ऊन कुठून येतंय, सावली कुठे पडलीय, तेच डोळ्यात भरतं.

मध्यंतरी सांगलीला मावशीकडे गेले होते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू. रंगीत फोटोंत नुसता पिवळाच पिवळा. मोनोमध्ये मात्र हमालाच्या पापण्यांवरची धूळ दिसली, हळकुंड मोडून बघणाऱ्या व्यापाऱ्याचा अंगठा दिसला.

मग एक दिवस स्टँडवर पिशवीला टेकून झोपलेल्या आजीचा फोटो काढला. तोंड उघडं, हातात दवाखान्याची फाइल. स्टोरीला टाकला, धडाधड लाइक्स. रात्री वर्गातल्या मुलीचा मेसेज आला, ‘ती माझी आजी आहे. काढ तो.’

लगेच काढला. सॉरी म्हटलं, तिचा रिप्लाय आला नाही. अख्ख्या गर्दीचा फोटो आणि एकट्या झोपलेल्या माणसाचा फोटो यात किती फरक आहे, हे मला त्या रात्री कळलं.

आता चेहरा जवळून आला असेल, तर त्या माणसाला स्क्रीन दाखवते. बरेच जण हसतात, एखादे काका ‘पेपरात येणार का?’ विचारतात, काही सरळ ‘डिलीट कर’ म्हणतात. गेल्या आठवड्यात असे तीन डिलीट केले. त्यातला एक फार भारी होता.