वतन, सरंजाम आणि राज्यसुधारणेचा प्रश्न

राष्ट्रानें आपली अर्थव्यवस्था व राज्यव्यवस्था मुळापासून सुधारावी, कीं चालत आलेली घडी तशीच राहूं द्यावी, हा प्रश्न प्रत्येक पिढीस नवा वाटतो. वस्तुतः महाराष्ट्रापुरतें त्याचें एक मोठें प्रकरण आमच्या संग्राहकांच्या रुमालांतच बांधून पडलेलें आहे. वतनपत्रें, महजर, इनामसनदा, ताळेबंद हे कागद आम्ही बहुधा शिक्का, मिति आणि घराण्याचें नांव यांसाठीं वाचतों. तेच कागद एकत्र लावून पाहिले असतां एका राज्यानें आपल्या कारभाराचा पाया बदलण्याचा यत्न कसा केला, आणि तो अर्धवट कां राहिला, हें स्पष्ट दिसूं लागतें. या लेखांत त्याचाच विचार कर्तव्य आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. गांवांतील किंवा परगण्यांतील अधिकार, त्याबरोबरचे हक्क, मानपान व जमीन वंशपरंपरेनें चालणें, हें वतन. फौज बाळगण्यासाठीं मुलखाचा महसूल तोडून देणें, हा सरंजाम. सरंजाम मूळ कल्पनेंत वंशपरंपरागत नव्हता. पुढें तो व्यवहारांत तसा झाला. दोहोंत समान गोष्ट ही कीं, सेवेचें मोल राजकोशांतून रोख न मिळतां उत्पन्नाचा तुकडाच सेवकाच्या हातीं जातो.

या प्रश्नाचें भान आमच्या शास्त्रकारांस पूर्वींच होतें. कौटिल्यानें भृत्यांचें वेतन रोख पणांत सांगितलें आहे. मंत्री, पुरोहित, सेनापति इत्यादिकांस ४८,००० पण, येथपासून खालीं ६० पणांपर्यंत त्याची पायरी उतरते. आणि हा एकंदर खर्च उत्पन्नाच्या चतुर्थांशांत बसवावा असा त्याचा दंडक आहे. कोश अल्प असेल तर कुप्य (वनोत्पन्न माल), पशु किंवा शेत देऊन थोडें द्रव्य द्यावें अशी सवलत तो ठेवितो; परंतु ओसाड मुलूख वसवावयाचा असेल तेथें द्रव्यच द्यावें, गांव देऊं नये, असें त्याचें स्पष्ट मत आहे. अधिकाऱ्यांस दिलेली शेतें विकण्याची व गहाण टाकण्याची त्यानें मनाई केली आहे, ती याच धोरणानें.

शिवछत्रपतींनीं जो पालट केला तो याच दिशेचा होता. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरींत त्याचें वर्णन आहे. ५ हात ५ मुठींची काठी, २० काठ्यांचा औरसचौरस बिघा व १२० बिघ्यांचा चावर, असें माप ठरवून जमिनीची मोजणी झाली. पिकाचे पांच वांटे करून तीन रयतेस व दोन दिवाणास, असा ठराव झाला. नव्या रयतेस गुरें व बीं देऊन त्याची फेड दोनचार वर्षांत ऐपतीप्रमाणें घ्यावी, असें ठरलें. देशमुखांच्या गढ्या पाडून त्यांचे हक्क नेमून दिले. लष्करास व कारकुनांस मोकासे न देतां रोख अथवा वरातेनें वेतन देण्याचा क्रम घातला. जुनीं वतनें सरसकट बुडविलीं असें मात्र नव्हे; त्या काळचीं वतनें चालविल्याचीं पत्रें संग्रहांतून आढळतात. पालट झाला तो वतनदाराच्या स्वामित्वांत. रयत आणि राजा यांच्यामधील ही फळी खालीं बसली.

ही घडी फार दिवस टिकली नाहीं. इ. स. १६८९ त संभाजी महाराजांचा वध होऊन रायगड मोगलांच्या हातीं गेला, राजाराम महाराज जिंजीस गेले, आणि खजिना उरला नाहीं. तेव्हां देण्यासारखें जें होतें तेंच देण्यांत आलें, म्हणजे वतनें, इनामें आणि जिंकावयाच्या मुलखाचीं आश्वासनें. यास दोष देणें सोपें आहे. परंतु या देण्यावांचून औरंगजेबाशीं झुंज चालली नसती, हेंही कबूल केलें पाहिजे.

या काळाचा साक्षीदार म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या आज्ञापत्रांत ते वतनदारांस राज्याचे दायाद मानितात. त्यांस स्नेह व दंड यांच्यामध्यें संभाळून ठेवावें आणि नवें वतन देऊं नये, असा त्यांचा उपदेश आहे. हुकमतपन्हा या नात्यानें ज्यांनीं संकटाचा सर्व भार वाहिला व ज्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर चालली, त्यांनींच हें लिहावें, यांत त्या उपदेशाचें वजन आहे. रोग त्यांस आंतून ठाऊक होता.

इ. स. १७१९ त बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्या. सुधारणेची खरी संधि ही होती. परंतु चौथाईची वांटणी पुढें अशी झाली: शेंकडा २५ राजबाबती, ६ सहोत्रा पंत सचिवाचा, ३ नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीचा, व उरलेले ६६ मोकासा. म्हणजे दोनतृतीयांशाच्या जवळपास भाग सरदारांकडे गेला. एकाच परगण्यांत अनेक हक्कदारांचे कमावीसदार वसुलीस येऊं लागले. राज्य अटकेकडे वाढत असतां मध्यवर्ती कोश मात्र ओढगस्तींत राहिला. थोरल्या बाजीरावाच्या कर्जाचीं रडगाणीं ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत वाचावीं.

येथें कोणी म्हणेल कीं, सरंजामानेंच मराठी राज्य माळवा व गुजराथेपर्यंत पसरलें. तें खरें आहे. पण आपत्काळीं काढलेली तोड शांततेंत बंद करावी लागते. विस्ताराच्या काळांत ती बंद करण्याचें सामर्थ्य होतें, निकड भासली नाहीं. १७६१ च्या पानिपतानंतर निकड भासली, सामर्थ्य उरलें नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें पैशासाठीं पालट केला तो उलटाच. मामलतींचे मक्ते वाढले, आणि मक्तेदाराची दृष्टि मुदतीपलीकडे जाईना. इ. स. १८१८ त राज्यच गेलें.

नंतरची कथा कायद्यांची आहे. इ. स. १८५२ च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनास सनदांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले. इ. स. १८७४ च्या कायद्यानें वंशपरंपरागत हुद्दे नियमांत बांधले. या रचनेंत तळाशीं कोण होता हें डॉ. आंबेडकरांनीं दाखविलें. महार वतनदारांकडून अल्प मोबदल्यांत अमर्याद राबणूक घेतली जाते, म्हणून त्यांनीं इ. स. १९२८ त मुंबई कायदेमंडळांत दुरुस्तीचें विधेयक मांडलें. तें त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. पुढें परगणे व कुळकर्णी वतनें इ. स. १९५० च्या, कनिष्ठ गांववतनें १९५८ च्या आणि मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्यानें संपुष्टांत आली. शिवकाळीं आरंभिलेलें काम पुरें होण्यास जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं.

तेव्हां राज्यानें सुधारणा करावी काय? आमचें उत्तर होय असें आहे. मात्र या कागदांवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. अर्थव्यवस्था आणि राज्यव्यवस्था या निरनिराळ्या सुधारतां येत नाहींत; ज्याच्या हातीं वसूल, त्याच्याच हातीं शेवटीं सत्ता जाते. आणि जी सुधारणा एका राजाच्या कर्तृत्वावर उभी असते, कोश व हुद्दा यांच्या नियमांत उतरत नाहीं, ती पहिल्याच संकटांत मोडते.

एक विनंति करून लेख पुरा करितों. आमच्या संग्रहांतील बहुतेक कागद वतन ज्यांस मिळालें त्यांच्या बाजूचे आहेत. ज्यांनीं तें पोसलें त्यांचे फार थोडे. म्हणून सूची करितांना सनद कोणाची एवढेंच न लिहितां हक्क किती, तो कोणत्या गांवाकडून व कोणत्या रूपानें घेतला जाई, हेंही टिपावें. बलुतेदारांचे करीने व रयतेच्या तक्रारी किरकोळ म्हणून बाजूस पडल्या असतील तर त्या आधीं नकलून काढाव्या. कसर लागल्यावर तो पुरावा पुन्हा मिळणार नाहीं.