मध्यवर्ती शिरानलिका : काढावी की राखावी?

मध्यवर्ती शिरेत नलिका बसविलेल्या रुग्णास हुडहुडी भरून ताप आला आणि त्याचे दुसरे उघड कारण सापडले नाही, म्हणजे वैद्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. संसर्गाचे मूळ नलिकेतच आहे काय? आणि असल्यास ती काढावयाची काय? औषध कोणते द्यावे हा प्रश्न त्यामानाने सोपा होय.

१९२९ साली एबर्सवाल्डे येथे फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या कोपराजवळील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकविली, तेव्हा ते साहस होते. आज अतिदक्षता विभागात ती नित्याची गोष्ट आहे. परंतु रक्तात राहणारी ही नळी परकी वस्तूच असते. तिच्यावर प्रथम रक्तातील प्रथिनांचा थर बसतो, त्यास जंतू चिकटतात, आणि स्वतःच्याच स्रावाने ते आपल्याभोवती चिकट पटल विणतात. या जैवपटलातील जंतूंची वाढ मंदावलेली असते, व रक्तातील जंतूंस सहज मारणारी औषधाची मात्रा त्यांस पुरत नाही. म्हणूनच औषध चालू असता ताप उतरतो आणि ते थांबताच पुन्हा चढतो. अल्पकालीन नलिकेत जंतू बहुधा त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने शिरतात. दीर्घकाल राहणाऱ्या नलिकेत ते जोडाच्या तोंडातून आतील पोकळीत जातात. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

निदानासाठी प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच नलिकेतून व हाताच्या शिरेतून एकाच वेळी समान प्रमाणात रक्त घ्यावे. नलिकेतील रक्तात जंतूंची वाढ दोन तास किंवा अधिक आधी दिसली, तर मूळ नलिकेत आहे असे समजावे. कारण ज्या बाटलीत जंतू अधिक, ती आधी बोलते. नळीचे टोक संवर्धनपात्रावर फिरवून १५ वा अधिक वसाहती मोजण्याची माकी यांची १९७७ ची रीत प्रसिद्धच आहे, पण तीसाठी नळी आधी काढावी लागते. संशय नसता काढलेल्या प्रत्येक नळीचे टोक प्रयोगशाळेत धाडणे निरर्थक होय.

मग काढावी कोणती? अमेरिकेतील संसर्गरोग संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे निर्णय मुख्यत्वे जंतूच्या जातीवर अवलंबून असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस अथवा कॅन्डिडा आढळल्यास नलिका काढावी. येथे दिरंगाई केल्यास हृदयाच्या झडपा, मणके व डोळे यांवर बेतते. जंतू कोणताही असो, रक्तदाब कोसळला, त्वचेखालील बोगद्यात पू झाला, किंवा योग्य औषध देऊनही ७२ तासांनंतर रक्तात जंतू सापडले, तरी हाच नियम. उलट, कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस असून रुग्ण स्थिर असेल, तर दीर्घकालीन नलिका राखून पाहता येते. त्यासाठी शिरेतून औषध देण्याबरोबरच नळीच्या पोकळीत तीव्र मात्रेचे प्रतिजैविक भरून ठेवतात. हे १० ते १४ दिवस चालते. हे औषध केवळ पोकळीतच पोहोचते, बाहेरच्या अंगास नाही. अल्पकालीन नलिकेस हा उपाय का लागू पडत नाही, हे वरील भेदावरून उमगेल.

खरी कसोटी डायालिसिसच्या रुग्णाची. फिस्ट्युला तयार नाही, मानेच्या शिरा पूर्वीच्या नळ्यांनी बुजल्या आहेत, आणि परवा पुन्हा डायालिसिस आहे. अशा वेळी ‘काढा’ म्हणणे सोपे, पण पुढची नळी बसवावयाची कोठे? दोन-तीन दिवसांत ताप उतरला व संसर्ग अन्यत्र पसरला नसेल, तर तारेवरून जुनी नळी बदलून नवी घालण्याचा मध्यममार्ग काही रुग्णांत स्वीकारता येतो. ऑरिअस वा कॅन्डिडा असल्यास मात्र ही सवलत घेऊ नये. तात्पुरती नळी दुसऱ्या जागी घालून वेळ निभावावी, आणि रक्त निर्जंतुक झाल्यावरच कायमची बसवावी.

उपचाराचे दिवस मोजतानाही एक चूक संभवते. ऑरिअस असो वा कॅन्डिडा, किमान १४ दिवसांची ही गणना पहिल्या मात्रेपासून नव्हे, तर ज्या दिवशीच्या रक्तात प्रथम जंतू आढळले नाहीत त्या दिवसापासून करावयाची असते. याकरिता रक्ताची पुनर्तपासणी आवश्यक ठरते, आणि ती तारीख केसपेपरवर ठळकपणे नोंदवावी.