इशारा आला, कृती कुणी करायची?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री रबरी होडीतून आलेले दहा दहशतवादी मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ किनाऱ्याला लागले. कोळ्यांना संशय आला, त्यांनी हटकलंही. सरकारी यंत्रणांना तर कितीतरी आधी कुणकुण लागली होती. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, असे इशारे २००६ पासून मुंबईत येत होते आणि काहींत ताजमहाल हॉटेलचं नावही होतं. सप्टेंबर २००८ मध्ये इस्लामाबादच्या मॅरिएट हॉटेलवर हल्ला झाल्यावर ताजचा बंदोबस्त वाढवला गेला. नोव्हेंबरपर्यंत तो सैल पडला होता. हल्ल्यात १६६ माणसं गेली.

म्हणूनच ‘गुप्तचरांचं अपयश’ एवढ्या दोन शब्दांत हा विषय मिटवणं मला पटत नाही. तारीख-वेळ हाती नव्हती, हे खरं. पण ती क्वचितच मिळते. मिळतात ते तुकडे. ते जुळवून किनाऱ्यावरची गस्त कधी वाढवायची, हे नेमकं कुणी ठरवायचं? रॉ, आयबी, तटरक्षक दल, राज्य पोलीस, प्रत्येकाने आपापला कागद पुढे पाठवला आणि आपलं काम झालं असं मानलं.

हे तुकडे जुळवण्यासाठीच, कारगिल युद्धानंतरच्या सुधारणांमधून २००१ मध्ये मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झालं होतं. मात्र तिथे माहिती देण्याची सक्ती नव्हती. ती आली ३१ डिसेंबर २००८ रोजी, त्याच दिवशी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदाही लागू झाला. मानेसरहून मुंबईत यायला पहाट उजाडलेल्या एनएसजी कमांडोंची केंद्रं २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत उघडली. महाराष्ट्राने फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक उभारलं. या सुधारणा मोलाच्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याचशा हल्ला झाल्यानंतर करायच्या कामाच्या.

तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेलं राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र मात्र २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या विरोधामुळे बारगळलं. ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता, नरेंद्र मोदी, सगळे एका सुरात विरोधात होते. मला त्यांची हरकत रास्त वाटते. हे केंद्र आयबीच्या अखत्यारीत राहणार होतं आणि त्याला अटकेचे अधिकार मिळणार होते. ब्रिटनने एमआय-५ साठी १९८९ मध्ये कायदा केला. १८८७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या आयबीला मात्र स्वतःचा कायदा नाही आणि संसदेची देखरेखही नाही. अशा संस्थेच्या हाती बेड्या कशा द्यायच्या?

आणि चौकशीचं काय? राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या उणिवा परखडपणे मांडल्या. काडतुसांअभावी शीघ्र कृती दलाचा गोळीबाराचा सराव वर्षभराहून अधिक काळ बंद होता, हे तिच्याचमुळे कळलं. सरकारने तो अहवाल सुरुवातीला विधिमंडळापुढे ठेवलाच नाही. शिवाय केंद्रीय यंत्रणांना जाब विचारण्याचा अधिकार समितीला नव्हता.

अमेरिकेत ९/११ च्या मृतांच्या नातेवाइकांनी रेटा लावून आयोग नेमायला भाग पाडलं. सीआयए आणि एफबीआय यांनी एकमेकांना काय सांगितलं नाही, हे त्याच्या अहवालात आहे आणि २००४ मध्ये तो पुस्तकांच्या दुकानांत विकला गेला. आपल्याकडे २६/११ साठी तसा राष्ट्रीय आयोग कधीच नेमला गेला नाही. इशारे दिल्लीत आणि मुंबईत कुठल्या टेबलांवर अडले, याचा संपूर्ण अधिकृत हिशेब सीएसएमटी स्थानकाच्या फलाटावर माणसं गमावलेल्या कुटुंबांना आजही मिळालेला नाही.