मोर्चा कोणाच्या दारात?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलने गाझावर जे युद्ध लादले, त्यात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे ६० हजारांहून अधिक माणसे मेली. त्यात बायका आणि लेकरे किती, हे सांगताना जीभ अडखळते. अशा वेळी जगभरची माणसे रस्त्यावर उतरली नसती, तर माणुसकी मेली असेच म्हणावे लागले असते. ती उतरली, हे योग्यच झाले.

परंतु यातले काही मोर्चे वकिलातीसमोर, संसदेसमोर थांबले नाहीत. ते ज्यूंच्या वस्त्यांत, सिनेगॉगच्या दारात, शाळांच्या फाटकापर्यंत गेले. तेव्हा दोन आरोळ्या उठल्या. एक म्हणते, ज्यू वस्तीत मोर्चाच नको, सरसकट बंदी घाला. दुसरी म्हणते, रस्ता सार्वजनिक आहे, आम्ही कुठेही जाऊ, काहीही बोलू. आमच्या मते या दोन्ही आरोळ्या अर्धवट आहेत.

तुमचा आमचा या भानगडीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आम्ही मोर्चाने जगलेला समाज आहोत. आणि आमच्या वस्तीवर जमाव चालून आला म्हणजे काय होते, हेही आम्हाला कोणी शिकवायला नको. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातले बौद्धवाडे पेटले. निर्णय मुंबईत झाला, घरे मात्र खेड्यातल्या गरिबांची जळाली. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू ज्याला आतून कळतात, असा समाज आमच्याइतका दुसरा क्वचितच सापडेल.

घेट्टो हा शब्दच पाहा. १५१६ साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात कोंडले, रात्री फाटके बंद केली. त्या जागेचे नाव घेट्टो. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या एका इंग्रजी लिखाणाच्या मथळ्यातच अस्पृश्यांना भारताच्या घेट्टोची लेकरे म्हटले. गावकुसाबाहेरच्या माणसाचे दुःख जगाला समजावून सांगताना त्यांनी ज्यूंच्या वस्तीचा शब्द घेतला, हे विसरून चालणार नाही.

आता कॅनडाकडे वळू. टोरोंटो आणि त्याला लागून असलेले वॉन शहर येथे ज्यूंची मोठी वस्ती आहे. मार्च २०२४ मध्ये वॉनच्या थॉर्नहिल भागातील एका सिनेगॉगमध्ये इस्रायलमधील स्थावर मालमत्ता विकण्याचा कार्यक्रम झाला. व्याप्त प्रदेशातील घरांचाही सौदा तेथे होतो, असे म्हणत पॅलेस्टाईनच्या समर्थकांनी बाहेर निदर्शने केली. समोर इस्रायलचे समर्थक उभे राहिले, पोलीस मध्ये पडले. त्याआधी जानेवारीत टोरोंटोच्या पोलिसांनी ज्यू वस्तीलगतच्या महामार्गावरील एका पुलावर निदर्शनांना बंदी घातली होती. त्याच २०२४ सालात टोरोंटोतल्या ज्यू मुलींच्या एका शाळेवर एकदा नव्हे, तीनदा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण ज्या आईची मुलगी त्या शाळेत जाते, तिला भाषणस्वातंत्र्याचे व्याख्यान देण्यापूर्वी तिची सकाळ कशी उजाडते, याचा विचार करावा.

कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्याने २०२३ साली पोलिसांकडे नोंदलेले ज्यूविरोधी द्वेषगुन्हे ९०० मोजले. आदल्या वर्षी ते ५२७ होते. त्या देशात ज्यू लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत. आणि याच वर्षी मुस्लिमांविरुद्धचे गुन्हेही जवळपास दुप्पट होऊन २११ झाले. म्हणजे आग एकच आहे, घरे दोघांचीही जळत आहेत.

यावर वॉनने जून २०२४ मध्ये नियम केला. प्रार्थनास्थळे, शाळा, पाळणाघरे, रुग्णालये यांच्यापासून १०० मीटरच्या आत धाकदपटशाची निदर्शने नकोत, दंड एक लाख डॉलरपर्यंत. टोरोंटोच्या महापालिकेने मे २०२५ मध्ये १६ विरुद्ध ९ मतांनी दुसरा नियम केला, तो २ जुलैपासून लागू झाला. त्यात प्रार्थनास्थळाने, शाळेने वा पाळणाघराने स्वतः अर्ज केला की भोवतीच्या ५० मीटरमध्ये वाट अडवणे, धमकावणे अशा कृत्यांना मनाई होते. हे नियम एकट्या ज्यूंसाठी नाहीत, मशिदी आणि गुरुद्वारांनाही तेच संरक्षण आहे. वरवर पाहता यात वावगे काय?

वाचकांनो, येथे नाशिक आठवा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली स्त्री-पुरुष मंदिराच्या दारात बसले, दगड खाल्ले, तुरुंगात गेले. पाच वर्षे हा लढा चालला. काळारामच्या पुजाऱ्यांना त्या वेळी अर्ज करून भोवतीचे ५० मीटर मोकळे करून घेण्याची सोय असती, तर त्यांनी किती वेळ लावला असता? आमच्या भक्तांना भीती वाटते, आमच्या पूजेत व्यत्यय येतो, हेच त्यांनी लिहून दिले असते! ज्या दारातून माणसाला माणूस म्हणून नाकारले जाते, त्याच दारात बसावे लागते. प्रार्थनास्थळ आहे म्हणून ते प्रश्नांच्या पलीकडे जात नाही. त्यातही देवळात वा सिनेगॉगमध्ये प्रार्थनेऐवजी जमिनीचा सौदा होत असेल, तर त्या सौद्याला विरोध करण्याचा हक्क प्रार्थनेच्या नावाखाली बुडवता येणार नाही.

वस्तीचेही तसेच. अमेरिकेत १९६५ साली डिक ग्रेगरी यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचा मोर्चा शाळांतील वर्णभेदाविरुद्ध शिकागोच्या महापौराच्या घरापर्यंत गेला. मोर्चा शिस्तीत होता. गोऱ्या शेजाऱ्यांनी दंगा सुरू केला आणि पोलिसांनी पकडले कोणाला? मोर्चेकऱ्यांना! १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६६ रोजी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या प्रश्नावर शिकागोच्या मार्केट पार्क भागात गेले, तेव्हा गोऱ्या जमावाचा दगड त्यांच्या डोक्यात बसला. वस्तीतल्या लोकांना आवडत नाही म्हणून मोर्चा नको, हा कायदा असता तर हे दोन्ही मोर्चे निघालेच नसते. वस्तीची शांतता हा शब्द प्रस्थापितांनी आमच्याविरुद्ध किती वेळा वापरला आहे, हे प्रत्येक गावच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीला विचारा.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही शिकागोजवळच आहे. स्कोकी हे सुमारे ७० हजार वस्तीचे गाव. निम्म्याहून अधिक लोक ज्यू, त्यात हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले हजारो. १९७७ मध्ये तिथे स्वस्तिकाची पट्टी दंडावर बांधून नाझी गणवेशात निदर्शने करण्याचे एका टोळक्याने जाहीर केले. गावाने तीन नियम करून ती रोखू पाहिली. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने नाझींचा खटला लढवला आणि त्यांचा वकील डेव्हिड गोल्डबर्गर स्वतः ज्यू होता. हजारो सभासदांनी रागाने संघटना सोडली. तरी न्यायालयांनी ते नियम रद्द केले. शेवटी नाझी स्कोकीत गेलेच नाहीत. जुलै १९७८ मध्ये त्यांनी सभा घेतली ती मार्केट पार्कमध्ये, जिथे बारा वर्षांपूर्वी डॉ. किंग यांना दगड बसला होता!

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी ऑस्वाल्ड मोस्लेचे फॅसिस्ट लंडनच्या ईस्ट एंडमधील ज्यू वस्तीतून काळ्या सदऱ्यांत कूच करणार होते. सुमारे एक लाख सह्यांचा अर्ज गृहमंत्र्याने फेटाळला. पोलीस फॅसिस्टांना वाट करून द्यायला निघाले. तेव्हा ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि कम्युनिस्टांनी केबल स्ट्रीटवर अडथळे उभारून वाट अडवली. पुढे सरकारने १९३६ चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा केला. त्याने राजकीय गणवेश बंद झाले, हे चांगले झाले. पण मिरवणुका बंद करण्याचा जो अधिकार पोलिसांना मिळाला, तो १९३७ पासून ईस्ट एंडमधल्या सर्वच राजकीय मिरवणुकांवर चालवला गेला. फॅसिस्टांबरोबर फॅसिस्टविरोधकही घरी बसले. सरकारच्या हाती दिलेली काठी पाठ बघून थांबत नाही, हा त्यातला धडा.

मग मध्यम मार्ग कोणता? आम्हाला त्याची खूण १९८८ च्या एका अमेरिकन निकालात दिसते. विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रूकफिल्ड गावात गर्भपाताचे विरोधक एका डॉक्टरच्या घरासमोर वारंवार ठाण मांडत. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, वस्तीतला रस्ताही सार्वजनिकच आहे, तिथून मोर्चा जाऊ शकतो. मात्र एकाच घराला लक्ष्य करून त्याच्या दारात ठिय्या देण्यास मनाई करता येते, कारण घरातल्या माणसाला ऐकायचे नसेल तर पळायला जागाच उरत नाही. चौकातला माणूस पुढे निघून जाऊ शकतो. स्वतःच्या घरातल्या माणसाने कुठे जावे?

आमच्या सर्वोच्च न्यायालयानेही तराजू असाच धरला. दिल्लीच्या जंतरमंतरवरील रहिवाशांनी गोंगाटाची तक्रार केली आणि हरित लवादाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील धरणेच बंद केले. मजदूर किसान शक्ती संघटना न्यायालयात गेली. २३ जुलै २०१८ च्या निकालात न्यायालयाने रहिवाशांचा शांततेचा हक्क मान्य केला, पण सरसकट बंदी मान्य केली नाही. पोलिसांनी नियम करावेत आणि दोन्ही हक्क जगवावेत, असे सांगितले. कॅनडाच्या न्यायालयाने १९८६ च्या ओक्स खटल्यात घालून दिलेली कसोटीही हेच सांगते, आणि आमच्या न्यायालयाने २०१६ मध्ये मॉडर्न डेंटल कॉलेजच्या निकालात तिचा आधार घेतला आहे. हेतू महत्त्वाचा हवा, उपाय त्या हेतूशी जुळणारा हवा, हक्काला कमीत कमी धक्का लागावा आणि फायद्यापेक्षा नुकसान जड होऊ नये.

या कसोटीवर आम्ही म्हणतो, कायद्याने मोर्चाचा विषय बघू नये, रीत बघावी. इस्रायलच्या सरकारचा निषेध गुन्हा नाही आणि तो ज्यूद्वेषही नाही. २७ ऑक्टोबर २०२३ ला न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात युद्धबंदीसाठी धरणे धरून शेकडोंनी अटक करवून घेतली, ते धरणे ज्यूंच्याच संघटनेचे होते. पण मुलांची वाट अडवणे, घराघरासमोर ठिय्या देणे, रात्री भोंगे लावणे, प्रार्थनेहून परतणाऱ्या म्हाताऱ्याला घेरून तुझ्या सरकारचा जाब दे म्हणणे, हा निषेध नव्हे, ही दहशत आहे. त्यासाठी नियम हवेत. ते नेमके हवेत, मुदतीचे हवेत आणि न्यायालयात तपासता येतील असे हवेत. आणि गोळी झाडणाऱ्याला पकडायचे सोडून घोषणा देणाऱ्याला पकडणारे पोलीस कोणाचेच रक्षण करत नाहीत.

कायद्याहून मोठी गोष्ट मात्र मोर्चेकऱ्याच्या विवेकाची आहे. काळारामच्या दारातला सत्याग्रही पुजाऱ्याला भेडसावायला गेला नव्हता. मला आत घे, मीही माणूस आहे, हे सांगायला गेला होता. जो मोर्चा समोरच्याला जन्मावरून गुन्हेगार ठरवतो, तो मनूचाच कायदा दुसऱ्या भाषेत बोलतो. बापाच्या जातीची शिक्षा पोराला, आणि परदेशातल्या सरकारची शिक्षा इथल्या शेजाऱ्याला, यात फरक तो काय?

महाराष्ट्राने हा फरक न करणाऱ्यांची करणी पाहिली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेक्यांनी मुंबईत कुलाब्याचे नरीमन हाऊस शोधून काढले, ते तेथे ज्यू राहतात म्हणून. सहा ओलिसांना मारले. आणि याच महाराष्ट्राच्या कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणवले गेलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायली राहिले. नवगावच्या किंवा भायखळ्याच्या त्या माणसाला इस्रायलच्या मंत्रिमंडळाचा जामीनदार कोणी केले?

गाझाच्या लेकरांसाठी मोर्चे निघालेच पाहिजेत. आमच्या तरुणांनीही त्यात जावे, ताठ मानेने जावे. मात्र निघताना एकच विचारावे, आपण कोणाच्या दारात चाललो आहोत? ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या दारात असू, तर कोणाच्या बापाला भिऊ नका. आणि ज्याच्या हाती फक्त आपल्या लेकराचे बोट आहे त्याच्या दारात असू, तर त्याला वाट द्या आणि मोर्चा सत्तेकडे वळवा.