नाकाबंदीतील शस्त्रधारी

पूर्वी धुळे जिल्ह्याचा भाग असलेला आणि 1 जुलै 1998 रोजी स्वतंत्र झालेला नंदुरबार जिल्हा गुजरात व मध्यप्रदेश या दोन मुलुखांस भिडलेला असल्यामुळे, आणि नवापूरचे रेल्वे स्थानक तर गुजरातच्या सीमेवरच उभे असल्यामुळे, निवडणुकीच्या दिवसांत येथील रस्त्यांवर नाकाबंदी लागली की परवान्याचे पिस्तूल बाळगणाऱ्या प्रवाशापुढे प्रश्न उभा राहतो : अंमलदारास आपण होऊन सांगावे, की विचारीपर्यंत स्वस्थ बसावे?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, लपवून बाळगलेल्या पिस्तुलाच्या परवानाधारकास, पोलिसाने थांबविताच ते उघड करणे कायद्याने भाग आहे. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे 19 वे कलम मात्र पोलिसास परवाना मागण्याचा अधिकार देते. आधी सांगण्याचे कर्तव्य त्यात लिहिलेले नाही. परवाना न दाखविल्यास पोलीस नाव-पत्ता विचारू शकतो आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करतो. नाव सांगण्यास नकार दिला अथवा ते खोटे असल्याचा संशय आला, तर वॉरंटाविना अटकही होऊ शकते.

तरीही, झडतीत कमरेचे पिस्तूल अकस्मात हाती लागल्यास शिपायाच्या मनात जो संशय उद्भवतो त्याचे निरसन कलमाच्या आधाराने त्या क्षणी होत नाही. म्हणून हात स्टिअरिंगवर ठेवून शांतपणे सांगावे आणि परवाना कोठे आहे हे कळवून परवानगीनेच काढावा, असे माझे मत आहे. परवान्यावर नोंदविलेली हद्द मात्र सीमा ओलांडण्यापूर्वीच पाहावी.