रथाचा गाभा

कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केलेला हा उत्सव. जुन्या जळगावातल्या राममंदिरापासून निघालेला लाकडी रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्याशी थांबतो आणि तिथे चादर चढवली जाते. दोर भाविक ओढतात. रथ वळवणे आणि थांबवणे मात्र मोगरीवाल्यांच्या हाती. चालत्या चाकाखाली ते लाकडी मोगरी सारतात आणि एवढे मोठे धूड जागीच अडते.

मोगरी लागली की हिसका चाकातून आसात आणि आसातून सांगाड्यात जातो. हा मार सोसतो लाकडाचा गाभा. वरचे नक्षीकाम आणि चकचकीत पॉलिश त्याची खबर देत नाहीत.

सागाचा गाभा स्वतःच्या तेलकट द्रव्यांमुळे टिकतो. त्याभोवतीच्या पांढऱ्या लाकडात ती ताकद नसते. कुजवणाऱ्या बुरशीला पाणी हवे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली राहिला, तर तिचे फारसे चालत नाही. म्हणून कूज बहुधा सांध्यात, खाचेत, खिळ्याभोवती किंवा तुळईच्या कापलेल्या टोकाशी सुरू होते, कारण टोकाकडून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते.

जाणता सुतार आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द. संशयाच्या जागी टोच्या सहज आत गेला, तर निदान पक्के. मग पहिले काम पाण्याची वाट बंद करण्याचे. ओल्या लाकडावर रंग चढवला, तर ओल आतच कोंडते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत काढायचा, उरलेले सुकू द्यायचे आणि त्याच जातीचा, त्याच रेषांचा तुकडा तिरप्या सांध्याने बसवायचा. लाकडी होड्यांच्या दुरुस्तीत हा तिरपा उतार जाडीच्या किमान आठपट लांब ठेवतात, म्हणजे चिकटायला भरपूर जागा मिळते. भार पेलणारा आस कुजला असेल, तर ठिगळ नको, तो बदलावाच.

धुळ्यातही बालाजीचा रथ निघतो. अशा प्रत्येक रथाची तपासणी पावसाळा सरताच व्हावी आणि कोणता भाग कधी बदलला याची नोंदवही ठेवावी. दोर ओढणाऱ्या गर्दीत लहान मुलेही असतात. त्यांच्या जिवाची हमी आधी सुताराने द्यायची असते, आणि त्यासाठी त्याला पुरेसा वेळ व चांगले लाकूड मिळवून देणे हे गावाचे काम आहे.