उतराई

उपकार ज्याने केले त्याचे त्यालाच फेडले की हिशेब मिटतो. पण पुष्कळदा देणाऱ्याला परत काही नको असते, किंवा घेणारा हातातोंडाशी येईपर्यंत देणारा हयातच नसतो. मग ते ऋण तिसऱ्याच्या पदरात पडते. महाराष्ट्रातली कितीतरी वसतिगृहे अशा वळलेल्या ऋणातून उभी राहिली आहेत.

याचे जुने घरगुती रूप म्हणजे वार. खेड्यातून पुण्यासारख्या गावी शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या घरी सुतक आले किंवा माणसे परगावी गेली की वार चुकला, आणि मग तो दिवस पाण्यावर निघे. वार मिळाले नाहीत तर झोळी घेऊन माधुकरी मागायची: भात झोळीत, आमटी तांब्यात. ज्या माउलीने पाच-सहा वर्षे दर गुरुवारी पान वाढले, तिला तो मुलगा पुढे काय देणार? त्याने करायचे ते एवढेच, की आपले घर झाल्यावर त्या घरात एका विद्यार्थ्याचा वार ठेवायचा. 1909 मध्ये पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने अशा मुलांना हक्काचे छप्पर दिले.

या व्यवस्थेची एक मोठी उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. वार मुख्यतः ब्राह्मण घरांतून ब्राह्मण मुलांना मिळत. कुणब्याच्या किंवा महार-मांगाच्या पोराला शहरात पान वाढणारे घर नव्हते. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढवली. दलित मुलांचे मिस क्लार्क बोर्डिंग 1908 चे.

त्या बोर्डिंगच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्याने नकार दिला, आणि त्याला आपले बोर्डिंग सोडावे लागले. त्या मुलाला, म्हणजे भाऊराव पाटलांना, शाहू महाराजांनी राजवाड्यावर आसरा दिला. महाराज 1922 मध्ये वारले. भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली होतीच. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू केले आणि त्याला नाव दिले श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला. महाराजांच्या नावाला शोभेल असे दुसरे स्मारक सुचणे कठीण आहे, कारण कोल्हापुरात जातवार असलेली पंगत इथे एक झाली.

ही पंगत चालवणे सोपे नव्हते. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. मुलेही बसून खात नसत. शेतात राबणे, पाणी भरणे, स्वयंपाक करणे हा शिक्षणाचाच भाग होता. 'कमवा आणि शिका' हे सूत्र याच कष्टांतून पुढे आले. भाऊरावांची यामागची जाण फार खोल होती. सतत नुसते घेत राहिलेला माणूस मिंधा होतो, आणि मिंधेपणातून दातृत्व क्वचितच उगवते. रोजच्या अन्नात ज्याचे स्वतःचे श्रम असतात, त्याला घेतल्याची लाज वाटत नाही आणि देणेही जड जात नाही.

म्हणूनच या बोर्डिंगमधली मुले पुढे त्याच कामात परत आली. थोड्या पगारावर खेड्यापाड्यांतल्या शाळा चालवणारे रयतचे आजीव सेवक अनेकदा तिथेच वाढलेले असत. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे बोर्डिंगचेच विद्यार्थी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर वकिलीत पैसा होता; ते रयतच्या शिक्षणकार्यात राहिले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.